तीन पांढऱ्या रिंगा

कोंबडीच्या पायातली रिंग बदलायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. कोंबडी काखेत धरायची, पाय मागे ओढायचा, प्लास्टिकची जुनी रिंग कात्रीने कापायची आणि नवी अडकवायची. त्या सोमवारी सकाळी मी तीन कोंबड्यांच्या लाल रिंगा कापल्या आणि त्यांना पांढऱ्या घातल्या. हात थरथरले वगैरे काही नाही. सत्तावीस वर्षं हे हात हेच काम करतायत, ते कशाला थरथरतील?

मी झेल्मिरा, संस्थेत सगळ्यांची झेल्माबाई. होर्नाद नदीच्या काठी कोंबड्यांवर संशोधन करणारी आमची संस्था होती, तिथे प्रयोगशाळेत सहायक होते. कोंबडी मारायची, हवा तो अवयव काढायचा, औषधात मुरवायचा, गोठवायचा, केसाहून पातळ चकत्या कापायच्या, रंगवायच्या आणि काचेवर चढवून डॉक्टर साबोलांच्या पुढे ठेवायच्या. बघायचं काम त्यांचं. मला कुणी विचारायचं नाही, पण बघत मीही होतेच. इतकी वर्षं भांडी घासणाऱ्या बाईलासुद्धा चव कळायला लागते.

कोंबडीच्या पिल्लाला शेपटीखाली एक पिशवी असते, बर्सा म्हणतात तिला. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. कोंबडी वयात आली की पिशवीचं काम संपतं आणि ती सुकायला लागते. पुढे पुढे तर शोधूनही सापडत नाही. डॉक्टरांना एकच गोष्ट हवी होती: तिला सुकायला सांगतं कोण? त्यांचा संशय नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर होता. बर्सात शिरणाऱ्या बारीक नसांपैकी काही नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. वायू दिसत नाही, तयार झाला की काही सेकंदांत संपतो. पण तो तयार करणारी नस आमच्या रंगात गडद निळी होते. निळी रेघ दिसली की समजायचं, निरोप इथून जातो.

आता रिंगांचं सांगते. लाल रिंग म्हणजे जिची इंजेक्शनं देऊन बर्सा मुद्दाम सुकवली ती कोंबडी. पांढरी रिंग म्हणजे हात न लावलेली, धडधाकट. पांढऱ्या आम्ही नेहमी दोन-चार जास्तच पाळायचो आणि प्रयोगापुरत्या ठेवून उरलेल्या शुक्रवारी पिशवीत घालून घरी न्यायचो. कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळेच न्यायचे. मांस मिळत नव्हतं त्या काळात सुरू झालेली रीत, नंतर मिळायला लागलं तरी सुटली नाही. आमच्या गावातल्या निम्म्या घरांच्या सूपमध्ये आमचं विज्ञान शिजलेलं आहे.

त्र्याण्णवच्या ऑक्टोबरात माझा नवरा गेझा गेला. बुधवारी सकाळी जोडे घालायला खाली वाकला तो वर उठलाच नाही. शनिवारी दफन ठरलं. दफनानंतर लोकांना जेवू घालायचं तर सूप पाहिजे आणि सूपला कोंबडी पाहिजे. शुक्रवारी दुपारी मी खुराड्यात गेले. डॉक्टरांना आठ पांढऱ्या लागणार होत्या, वाढवल्या होत्या अकरा. मी तीन धरल्या आणि निघाले. उरलेल्या मोजल्या नाहीत. ज्या बाईचा नवरा दोन दिवसांपूर्वी गेलाय ती कोंबड्या मोजत बसत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

डॉक्टर साबोल दफनाला आले. लंगडत आले, कारण हर्नियाचं दुखणं अंगावर काढत होते आणि सोमवारी ऑपरेशन होतं. स्वयंपाकघरात माझ्याजवळच बसले. शेवया घातलेलं सूप दोनदा वाढून घेतलं.

"झेल्माबाई, गेझा नशीबवान होता," ते म्हणाले. "रोज हे खायचा."

"रोज कसलं हो! रोज त्याला कोबी मिळायचा आणि तो रोज कुरकुरायचा."

ते हसले आणि मग मीही हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच. जाताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "सोमवारी येऊ नका. वाव्रोला सांगतो मी."

"वाव्रोला? वाव्रो खुराड्यातला गडी, कोंबड्यांना खाणं टाकतो तेवढं पुरे. कोंबड्या सोमवारी बरोब्बर बारा आठवड्यांच्या होणार. तुम्ही इस्पितळात, मी घरी, मग कापणार कोण? ताईत बांधून वाढ थांबवू का त्यांची?"

सोमवारी गेले. खुराड्यात पांढऱ्या पाच. मी पुन्हा मोजल्या, पाचच. वाव्रोने आधीच तीन नेल्या होत्या, नातवाच्या बारशाला. विचारलं तर म्हणतो, जास्तीच्याच तर नेल्या, मला काय माहीत तूही नेशील. चूक त्याचीही नव्हती. रीतच तशी होती.

दुसऱ्या पिंजऱ्यात लाल रिंगवाल्या बऱ्याच होत्या. त्याच वयाच्या, त्याच रंगाच्या. मनात म्हटलं, यांना इंजेक्शनं तरी किती दिलीत, चारच. आठात तीन मिसळून जातील. नाही मिसळल्या तर डॉक्टरांचं वर्ष जातं, आणि आमच्या संस्थेला पुढचं वर्ष आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. देश नुकताच दुभंगला होता, रोज कुठलं ना कुठलं दार बंद होत होतं. मी कात्री घेतली.

डॉक्टर पंधरा दिवसांनी कामावर आले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. आवाज चिरकला होता.

"झेल्माबाई, इकडे या. बघा."

बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. पाच कोंबड्यांची बर्सा भरलेली, निळ्या नसा विरळ. तिघींची आकसायला लागलेली आणि निळ्या रेघांचं नुसतं जाळं.

"इंजेक्शन नाही, आजार नाही, वय पूर्ण झालेलं नाही," डॉक्टर म्हणत होते. "आपोआप सुकायला सुरुवात होतेय, आणि ती सुरू होतानाच नसा दाट! म्हणजे आधी नस, मग सुकणं. हुकूम तीच देते. मी इतकी वर्षं म्हणत होतो की नाही?"

डोळे भरून आले होते त्यांचे. साठीचा माणूस, आणि परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा दिसत होता. मी म्हटलं, "अभिनंदन, डॉक्टर." तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

हा माणूस कोण होता ते सांगते, म्हणजे कळेल. अडुसष्ट साली परक्या सैन्याचे रणगाडे देशात शिरले. दोन वर्षांनी आमच्याकडे एक कागद फिरला: परकं सैन्य आपल्या मदतीलाच आलं होतं हे मान्य आहे, खाली सही करा. सगळ्यांनी सही केली. मीही केली, माझी मुलगी तेव्हा पाळण्यात होती. साबोलांनी केली नाही. त्यांना अकरा वर्षं उबवणी केंद्रात टाकलं, अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडी धरून आतलं पिल्लू जिवंत आहे की मेलंय ते बघायला. परत आले तेव्हा केस पांढरे झाले होते. मला म्हणाले होते, "काही नाही हो, बरं चाललं होतं. हे जिवंत, हे मेलेलं, एवढंच बोलायचं. खोटं बोलायची सोयच नव्हती." त्यांच्या मागून आलेले प्रोफेसर होऊन निवृत्त झाले. हे डॉक्टरच राहिले. आमच्या त्या सगळ्या इमारतीत ज्याच्यापुढे मला माझ्या सहीची लाज वाटायची असा हा एकच माणूस होता.

आता त्यांना प्रोफेसर करायचं घाटत होतं. राजधानीहून समिती येणार, तिच्यापुढे व्याख्यान, तारीख जानेवारीतली. विषय अर्थातच त्या तीन कोंबड्या.

"प्रोफेसर झालात की बोलणार ना आमच्याशी?" मी एकदा चिडवलं.

"बाहेर काय म्हणायचं ते म्हणा," ते म्हणाले. "या खोलीत मी डॉक्टर. इथे प्रोफेसर म्हटलंत तर रंगाची बाटली फोडेन."

डिसेंबरात बिबियाना आली, नवी मुलगी, डॉक्टरांच्या हाताखाली पदवीचं काम करायला. तल्लख. मला मावशी म्हणायची आणि माझ्या डब्यातलं खायची. एके दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, एक विचारू? रागवायचं नाही."

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवीन."

"त्या तिघींच्या नसा मी मोजल्या. म्हणजे पूर्ण बर्सातल्या. त्या वाढलेल्याच नाहीत. इतरांच्यात जितक्या आहेत तितक्याच आहेत. पिशवी आकसली म्हणून एकमेकींजवळ आल्या आणि दाट दिसतात."

मला तिचं लगेच पटलं. गेझा गेल्यावर मी दोन खोल्या बंद करून टाकल्या होत्या आणि सगळं सामान स्वयंपाकघरात आणलं होतं. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, किती वस्तू झाल्यात तुझ्याकडे. वस्तू तेवढ्याच होत्या.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, पुन्हा मोज. पण मला दुसरंच कळत नाही. धडधाकट कोंबडीची बर्सा बाराव्या आठवड्यात एवढी कशी आकसेल? इंजेक्शनवाल्यांसारखी दिसतेय."

मी म्हटलं, "मला काय विचारतेस? मी चकत्या कापते." तिचा चेहरा पडला. त्या दिवशी तिने माझ्या डब्याला हात लावला नाही.

मग मला अन्न गोड लागेना. तिघांनाही मीच खड्ड्यात घालत होते: डॉक्टरांना, या पोरीला आणि स्वतःला. डॉक्टर चुकीच्या गोष्टीवर उभे राहणार, पोरगी त्यावर चार वर्षं घालवणार. व्याख्यानाच्या दोन दिवस आधी, सकाळी सात वाजता, बाकी कुणी यायच्या आत मी त्यांच्या खोलीत गेले. ते कोट काढत होते.

"डॉक्टर, त्या तीन पांढऱ्या पांढऱ्या नव्हत्या."

"म्हणजे?"

"मी रिंगा बदलल्या. त्या लाल होत्या."

कोट अर्धा हातात, अर्धा अंगावर, असे ते उभे राहिले. मी सगळं सांगितलं. वाव्रोच्या नातवाचं बारसं, पाच उरलेल्या, कात्री.

"पण पांढऱ्या अकरा होत्या," ते म्हणाले.

"तीन वाव्रोने नेल्या."

"आणि तीन तुम्ही."

"हो. गेझाच्या जेवणाला."

ते खाली बसले. "ते सूप मी प्यायलो," ते म्हणाले. "दोनदा वाढून घेतलं. माझ्या खऱ्या तीन कोंबड्या मीच खाल्ल्या, झेल्माबाई." आणि हसले. थोडंसंच. मग हसू गेलं.

"लगेच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इस्पितळात होतात."

"नंतर?"

"नंतर तुम्ही इतके खूश होतात."

खिडकीबाहेर बर्फ काढायची गाडी चालली होती, ती लांब जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "बिबियानाला माहीत आहे?"

"तिला शंका आहे. रिंगांचं माहीत नाही."

"वाव्रोला?"

"वाव्रोला आज वार कोणता तेही माहीत नसतं."

"बरं," ते म्हणाले. "जा तुम्ही. सांगितलंत ते चांगलं केलंत."

मी बाहेर आले आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! दुपारी पोटभर जेवले. कुणाकुणाला माहीत आहे हे त्यांनी का विचारलं, ते माझ्या मठ्ठ डोक्यात आलंच नाही. मी धरून चालले होते की हा माणूस समितीला पत्र लिहील, व्याख्यान रद्द करील, मला नोकरीवरून काढील. काढलं तर काढलं. ज्याने अकरा वर्षं अंडी बघितली पण सही केली नाही, तो दुसरं काय करणार?

व्याख्यान रद्द झालं नाही. मला वाटलं, सगळ्यांसमोर सांगणार असतील. तसंच करतील ते, त्यांना शोभेल. मी दफनाच्या वेळचा काळा पोशाख घातला आणि मागच्या रांगेत बसले. दिवे मालवले. पडद्यावर निळं जाळं आलं. पहिली कोंबडी, दुसरी, तिसरी.

"या तीन निरोगी पक्ष्यांमध्ये," डॉक्टरांचा आवाज आला. शांत, स्वच्छ, नेहमीचाच आवाज.

समितीतल्या एका म्हाताऱ्याने शेवटी विचारलं, "आठात तीन. फार थोड्या आहेत. काही घोटाळा झाला नसेल ना? गट मिसळणं वगैरे?"

"शक्य नाही," डॉक्टर म्हणाले. "यामागे सत्तावीस वर्षांचा हात आहे. आमच्या झेल्मिराबाई. त्या मागे बसल्यात."

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. बिबियानाही वळून बघत होती, पण ती टाळ्या वाजवत नव्हती. मी काय केलं? मी उठले आणि मान झुकवली. माझी दुसरी सही.

त्या दिवसापासून एकच विचार माझं डोकं खातोय. मी गप्प बसले असते तर तो माणूस फक्त चुकला असता. चुकतात माणसं. चुकीचा, पण सच्चा प्रोफेसर झाला असता, आणि एक दिवस ताठ मानेने मेला असता. माझं ओझं हलकं करायला मी ते उचललं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं, आणि वर दुपारी पोटभर जेवले. सही न करण्याची ताकद माणसात तरुणपणी एकदा होती, म्हणून साठाव्या वर्षीही ती शिल्लक असेल असं मी गृहीत धरलं. याचा विचार मी करायला हवा होता. मी सोडून कोण करणार होतं?

समितीने त्यांना प्रोफेसर केलं. बिबियानाने विषय बदलून मागितला. मिळाला नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मला ते बरोबरच वाटलं.

मग मार्चमध्ये ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. व्याख्यानानंतर पहिल्यांदाच. माझ्याकडे न बघता म्हणाले, "झेल्माबाई, आठ पांढऱ्या. बारा आठवडे. पुन्हा करू या. तुम्ही एकट्याच करा."

खरं सांगते, मला रडू फुटायचं बाकी होतं. म्हणजे माणूस मेलेला नव्हता! पुन्हा बघणार, मग दुरुस्ती छापणार. उशिरा का होईना. मी पिल्लं स्वतः निवडली, रिंगा स्वतः घातल्या, रोज सकाळी मोजल्या. वाव्रोला सांगून ठेवलं, यातलं एक पीस जरी हललं तरी तुझंच सूप करीन. तो बिचारा महिनाभर खुराड्याला वळसा घालून जायचा. जूनमध्ये आठही कोंबड्या कापल्या. औषध ताजं बनवलं, वेळ घड्याळ लावून पाळली, चकत्या अशा कापल्या की एकीलाही सुरकुती नाही. आणि रंग! इतका नितळ रंग मला सगळ्या नोकरीत कधी साधला नव्हता. आठही बर्सा टम्म भरलेल्या. नसा बारीक, विरळ, एकेक मोजता येईल अशा निळ्या. जाळं कुठेच नाही.

काचा ट्रेमध्ये लावून त्यांच्यापुढे ठेवल्या आणि बाजूला उभी राहिले. त्यांनी पहिली काच बघितली. दुसरी. आठही बघितल्या, सावकाश, एकही न सोडता. नंतर पहिली पुन्हा लावली आणि तिच्यावर खूप वेळ थांबले. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. कॉलर सैल झाली होती.

मग त्यांनी डोळे वर केले, चष्मा पुसला आणि ट्रे माझ्याकडे सरकवला.

"रंग नीट चढला नाही, झेल्माबाई," ते म्हणाले. "टाकून द्या."

मी ट्रे उचलला.

"बरं, प्रोफेसर," मी म्हटलं.

रंगाची बाटली त्यांच्या हाताशीच होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.